आरोनला रंग शिकवताना

व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात १९६६ साली ब्रिटनचे प्रतिनिधित्व करणाऱ्या चित्रकारांत हॅरल्ड कोहेन होते. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकलेले, अमूर्त चित्रांसाठी नावाजलेले. एवढे नाव झालेला माणूस सहसा आपली शैली सांभाळून असतो. कोहेन मात्र १९६८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत शिकवायला गेले आणि चाळिशीत फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकू लागले.

त्यांना एका प्रश्नाने पछाडले होते. कागदावरच्या रेघोट्यांकडे आपण चित्र म्हणून पाहू लागतो, त्यासाठी कमीत कमी काय लागते? १९७३ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या चाल्फंट खोऱ्यातली आदिवासींची प्रस्तरचित्रे पाहिली. कोरणाऱ्यांच्या मनात काय होते ते सांगायला आज कोणी नाही, तरी पाहणाऱ्याला त्यात अर्थ जाणवतोच. म्हणजे अर्थाचा बराचसा भार पाहणाराच उचलतो. याच काळात, स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेच्या सहवासात, ‘आरोन’ ही प्रणाली आकाराला आली.

आरोनला एकही चित्र दाखवलेले नव्हते. त्याच्याकडे होते ते नियम: बंद आकार कसा ओळखायचा, आत काय आणि बाहेर काय, मोकळी जागा कुठे उरली आहे. त्याची रेघही बघण्यासारखी. ती आधी गणित करून पट्टीने ओढल्यासारखी यायची नाही. आरोन निघायचा, आपण कुठवर आलो आणि कुठे जायचे आहे हे पुन्हा पुन्हा तपासायचा, दिशा सुधारायचा. म्हणून ती रेघ किंचित भटकत जाई, हाताने काढलेल्या रेघेसारखी. चित्रकलेच्या वर्गात शिकवणाऱ्या कोणालाही हे पटेल. आपला हातसुद्धा असाच चालतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात १९७९ मध्ये आरोनचे ‘टर्टल’ नावाचे चाकांचे छोटे यंत्र जमिनीवर अंथरलेल्या कागदावर फिरत चित्रे काढत होते. लोक कौतुकाने त्या यंत्राकडेच बघत राहिले. कोहेन यांना हे खटकले. त्यांना चित्राबद्दल बोलायचे होते. पुढे त्यांनी ते यंत्र बाजूला ठेवले.

ऐंशीच्या दशकात आरोन माणसे आणि झाडे काढू लागला, कारण सांधे कुठे वळतात, फांद्या कशा फुटतात याचे ज्ञान कोहेन यांनी त्याच्यात घातले. रंग मात्र बराच काळ त्यांच्या स्वतःच्या हाताने भरले जात.

या कारकिर्दीतला सर्वांत अवघड टप्पा रंगाचाच, असे माझे मत आहे. चित्रकार एक छटा लावतो, मागे सरून पाहतो, शेजारची छटा बदलतो. आरोनला डोळे नव्हते. जो पाहूच शकत नाही त्याला रंगसंगती कशी सांगणार? कोहेन यांनी सी भाषा सोडून लिस्प धरली आणि आपणच रंग निवडताना काय करतो ते उलगडू लागले. आधी उजळ-गडदपणाचा तोल, मग छटा, या क्रमाने त्यांना वाट सापडत गेली. १९९५ मध्ये बॉस्टनच्या संगणक संग्रहालयात आरोनचे यंत्र स्वतः रंग मिसळून कागदावर रंगवत होते. तिथेही गर्दी पुन्हा यंत्राभोवतीच. काही वर्षांनी कोहेन मोठ्या प्रिंटरकडे वळले, आणि अखेरच्या काळात तर आरोनने पडद्यावर काढलेल्या रेघांत ते स्वतः बोटांनी रंग भरत होते. सहकार्य हा शब्द इथे शोभतो, कारण कोणी काय करायचे याची वाटणी चाळीस वर्षांहून अधिक काळ बदलत राहिली. २०१६ मध्ये कोहेन गेले.

आजच्या बऱ्याच चित्रनिर्मितीच्या प्रणाली इंटरनेटवरून गोळा केलेल्या प्रचंड संख्येतल्या चित्रांवर पोसलेल्या आहेत, आणि ती चित्रे काढणाऱ्या बहुतेक चित्रकारांना कोणी विचारलेलेही नाही. आरोनमध्ये जे होते ते एका चित्रकाराने स्वतःच्या सरावातून काढून दिलेले होते. मला हा फरक नैतिकदृष्ट्या आणि कलेच्या दृष्टीनेही मोठा वाटतो.

न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने २०२४ मध्ये आरोनच्या जुन्या आवृत्त्या पुन्हा चालवून प्रेक्षकांसमोर रेखाटने काढून घेतली. आपल्या कला महाविद्यालयांनी एवढा खर्च करायची गरज नाही. विद्यार्थ्याला झाडाचे एक साधे पान काढण्याचे नियम शब्दांत लिहायला सांगावेत आणि ते शेजारच्याने, पान न पाहता, तंतोतंत पाळून रेखाटावे. आरोनचा अभ्यास एवढ्यापासून सुरू करता येईल, आणि तो आपल्या अभ्यासक्रमात यायला हवा.