चुकीचा पहिला आकडा

बँकेत चूक होत नाही. बँकेत 'फरक' येतो. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर 'पाचशेचा फरक आहे' म्हणायचं आणि पंख्याकडे बघत बसायचं. गिऱ्हाइकाची मात्र चूकच होते आणि तिला नंबर असतो. चेक परत पाठवताना आम्ही कारणाचा आकडा लिहितो. पैसे अपुरे असतील तर ०१, सही जुळत नसेल तर १२, खातेदारानं पेमेंट थांबवलं असेल तर २० आणि कशातच बसत नसेल तर ८८, म्हणजे 'इतर कारणे'. वीस वर्षांच्या नोकरीत ८८ नं मला जेवढी साथ दिली तेवढी सख्ख्या भावानंही दिली नाही.

या आकड्यांच्या पुण्याईवरच बहुधा गेल्या वर्षी मला हेड ऑफिसच्या एका समितीवर बोलावणं आलं. 'शाखेतला अनुभवी माणूस पाठवा' असं पत्र होतं. मॅनेजरसाहेबांनी माझं नाव कळवलं, कारण मी चार दिवस नसलो तर शाखेचं काही अडत नाही, हाही एक अनुभवच.

समितीचं काम ऐकून मी चाट पडलो. बाहेरच्या संस्थांचे कॉम्प्युटर हल्ली आमच्या कॉम्प्युटरशी परस्पर बोलतात. मधे खिडकी नाही, टोकन नाही, टाचणी नाही. 'अमक्याच्या खात्यात इतके जमा करा' असं त्यांचं यंत्र म्हणतं आणि आमचं यंत्र 'केले' किंवा 'नाही केले' म्हणतं. 'नाही केले' म्हणताना कोणता आकडा द्यायचा, हे आम्ही ठरवायचं होतं.

शिकवायला एक इंजिनिअर पोरगा होता, माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचा. म्हणाला, "काका, आकडे शोधायचे नाहीत, निवडायचे. आधीच ठरलेले आहेत." तीन आकडी उत्तराची ही पद्धत जुनी. ई-मेलच्या १९८२ सालच्या नियमांत ती आहे. वेबचे नियम १९९६ साली लेखी निघाले, आणि आजचा ग्रंथ २०२२ चा. सगळी गोम पहिल्या आकड्यात. २ म्हणजे काम झालं. ३ म्हणजे दुसरीकडे जा. ४ म्हणजे चूक तुमची. ५ म्हणजे चूक आमची.

३ ऐकून मला गहिवरून आलं. 'पलीकडच्या खिडकीवर जा' हे तर आमच्या धंद्याचं ब्रीदवाक्य! एखाद्या पेन्शनरला पाच खिडक्या फिरवून पुन्हा पहिल्याच खिडकीवर आणायची कला आमच्याकडे आहे. पोरगा म्हणाला, यंत्रं असल्या चकरा थोडा वेळ मोजतात आणि मग नाद सोडतात. पेन्शनर सोडत नाहीत, एवढाच फरक.

४०२ निघाल्यावर सगळ्यांचे डोळे लकाकले. त्याचं नावच 'पेमेंट रिक्वायर्ड'! पण हा आकडा १९९७ च्या नियमांत 'पुढील उपयोगासाठी राखीव' होता आणि २०२२ च्या नियमांतही राखीवच आहे. आमच्या घरी शोकेसमध्ये कपबशांचा एक सेट आहे, त्यातला प्रकार. पाहुण्यांसाठी राखीव, तो पाहुणा अजून यायचाय. शिवाय ४१८ म्हणून एक आकडा आहे. त्याचा अर्थ, 'मी चहाची किटली आहे, कॉफी मागू नका.' १९९८ सालच्या एक एप्रिलला काढलेली ही थट्टा. इतकी शहाणी माणसंही थट्टा करतात हे बघून मला त्या पुस्तकाविषयी प्रथमच आदर वाटला.

पण खरी गंमत पुढेच होती. अध्यक्षस्थानी डीजीएम साहेब होते. ते म्हणाले, "पाचाचा एकही आकडा नको. 'चूक आमची' असं बँकेनं लेखी द्यायचं? उद्या ऑडिटला काय दाखवायचं?"

"मग सिस्टम बंद असली तर काय पाठवायचं, सर?" पोरानं विचारलं.

"दोनशे पाठवा. आत बारीक अक्षरात 'व्यवहार अयशस्वी' लिहा."

म्हणजे पत्रिकेवर गणपती छापायचा, 'आग्रहाचे निमंत्रण' म्हणायचं आणि शेवटच्या ओळीत 'लग्न मोडले आहे' असं कळवायचं! पोरगा म्हणाला, "सर, समोरचं यंत्र वरचं दोनशे बघून पैसे पोचले असं धरून चालेल."

"मग सध्या देतो तेच ठेवा. चारशे. 'विनंती चुकीची.'"

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवणार होतो; मान हलवणं हाच माझा मूळ हुद्दा. पण तेवढ्यात मला मावशी आठवल्या.

या मावशी आमच्या शाखेच्या खातेदार. दोन म्हशी, आणि दर दहा दिवसांनी दूध संस्थेकडून येणारे पैसे. एका हप्त्याला पैसे आले नाहीत. संस्थेत गेल्या, तर तिथला मुलगा म्हणाला, "बँक म्हणते विनंती चुकीची. तुमचा खातेनंबर तपासून आणा." मावशी एसटीनं माझ्याकडे आल्या. मी खातं बघितलं. नंबर बरोबर, नाव बरोबर. म्हटलं, "खातं ठीक आहे, संस्थेत विचारा." परत संस्था, परत मी. तिसऱ्या खेपेला त्यांनी पासबुक काउंटरवर ठेवलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, खातं माझंच हाय न्हवं?"

मी त्यांना काय सांगितलं? 'सिस्टममध्ये एरर आहे.' म्हणजे ८८.

आत्ता उलगडा होत होता. संध्याकाळी दिवसाचा हिशेब बंद करताना आमचं यंत्र अर्धा तास नवे व्यवहार घेत नाही. त्या अर्ध्या तासात आलेल्याला ते बिनदिक्कत ४०० ठोकून देई. समोरचं यंत्र नियमानं वागणारं. ४ आला म्हणजे चूक आपली. तीच विनंती तशीच पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही. म्हणून त्यानं मावशींच्या नावापुढे 'खाते तपासा' असं लिहिलं आणि ते गप्प बसलं. आम्ही ५०३ दिला असता, म्हणजे 'सध्या सेवा बंद', आणि सोबत 'तीस मिनिटांनी या' असं कळवलं असतं (तशी सोयही त्याच नियमांत आहे), तर त्याच रात्री पैसे जमा झाले असते.

मी उभा राहिलो. एवढ्या वर्षांत मीटिंगमध्ये मी फक्त चहा संपला की उभा राहतो, त्यामुळे साहेब दचकले. मी मावशींची हकीकत सांगितली. शेवटी म्हणालो, "साहेब, आपण चूक लपवली नाही. ती मावशींच्या नावावर जमा केली. तीन वेळचं एसटीचं तिकीट त्यांनी काढलं."

खोलीत शांतता पसरली. मग एका अधिकाऱ्यानं रास्त शंका काढली, "पुन्हा या म्हटलं आणि दोनदा पैसे गेले तर?" पोराकडे उत्तर होतं. प्रत्येक विनंतीला एक नंबर द्यायचा. तोच नंबर पुन्हा आला तर पैसे पुन्हा द्यायचे नाहीत, पहिलंच उत्तर परत द्यायचं. मी म्हटलं, "म्हणजे व्हाउचर नंबर!" बी. कॉम. झाल्याचं त्या दिवशी सार्थक झालं.

साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "ठीक आहे. घ्या पाच. पण चारही नीट लावा." तशी यादी झाली. फॉर्म चुकला तर ४००, ओळख पटली नाही तर ४०१, ओळख पटली पण परवानगी नाही तर ४०३, खातंच नाही तर ४०४, फॉर्म बरोबर पण खातं बंद झालेलं असलं तर ४२२, फार गर्दी केली तर ४२९. आणि आकड्यासोबत माणसाला कळेल असं एका ओळीचं कारण. ८८ ला यादीत जागा मिळाली नाही. मला थोडं वाईट वाटलं.

घरी आल्यावर हिनं भाजी आणायला सांगितली. मी म्हटलं, "पाचशे तीन. तीस मिनिटांनी." उत्तर आलं, "जेवण चारशे चार." या बाईला कोणी शिकवलं देव जाणे!

पुढच्या महिन्यात मावशी शाखेत आल्या. पैसे वेळेवर जमा झाले होते. मी सगळा धीर एकवटून म्हणालो, "मावशी, मागच्या वेळी चूक आमचीच होती. तुमची नव्हती."

मावशींनी माझ्याकडे रोखून बघितलं, पासबुक पुन्हा माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "भाऊ, एवढं गोड बोलताय... जरा बघा बरं, पैसं हायेत का गेले?"