जुन्या भिंतींच्या आड

जुनी इमारत म्हणजे भक्कम इमारत, असा आपणा सर्वांचा समज असतो. तुरुंगाच्या बाबतीत तर तो अधिकच दृढ. दोन हात जाडीची भिंत, लोखंडी गज, अवजड दार. एवढे असले की आत-बाहेर सारे सुरक्षित, असे मानून आपण रस्त्याने पुढे जातो. पण वाचकहो, ही सुरक्षितता कोणाची, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

आम्ही काही मंडळी गेली अनेक वर्षे नाताळाच्या सुमारास एका तालुक्याच्या तुरुंगात कैद्यांच्या भेटीस जात असतो. इमारत इंग्रजी अमदानीतली. लांबलचक बोळाच्या एका अंगास ओळीने कोठड्या आणि टोकाला पहारेकऱ्याचे स्टूल. त्याला आपल्या जागेवरून दिसतो तो फक्त बोळ. कोठडीतला माणूस पाहायचा, तर उठून तिच्यासमोर जाऊन उभे राहावे लागते. एके वर्षी तेथील एका वृद्ध कच्च्या कैद्याने आम्हांस आपली हकीकत सांगितली. मध्यरात्री त्याच्या छातीत कळ आली. हाक मारण्याइतकेही बळ उरले नाही. शेजारच्या कैद्यांनी गजांवर ताटे आपटून गिल्ला केला, तेव्हा पहारेकरी धावत आला. पण किल्ल्या रात्री कचेरीत जमा असल्यामुळे दार उघडेपर्यंत पाऊण तास गेला. म्हातारा दैवाने वाचला. पहारेकऱ्याविषयी मात्र त्याच्या तोंडून एकही वावगा शब्द निघाला नाही. "त्या बिचाऱ्याचा काय दोष, साहेब? भिंतीतून कोणाला दिसते?" एवढेच तो म्हणाला.

त्याचे ते शब्द आमच्या मनात रुतून बसले आणि या विषयावर जे हाती येईल ते आम्ही वाचू लागलो. अमेरिकेत आपल्या जिल्ह्यासारख्या विभागास काउंटी म्हणतात. तेथील काउंटीच्या तुरुंगांतही बहुधा खटल्याची वाट पाहणारी माणसेच असतात. लॉस एंजेलिस काउंटीचा पुरुषांचा मध्यवर्ती तुरुंग १९६३ साली उघडला. मुलूख धनाढ्य, पण रचना तीच: लांब बोळ आणि कोठड्यांच्या रांगा. पहारेकरी एका कोठडीसमोर उभा असता पुढच्या दहाव्या कोठडीत कोणी मार खात असले, तरी त्यास दिसत नाही. २०२१ साली काउंटीच्या मंडळाने तो तुरुंग बंद करण्याचे ठरविले; योजलेली मुदत उलटून गेली, तरी तो चालूच राहिला.

त्याच कॅलिफोर्नियात काँट्रा कोस्टा काउंटीने १९८१ साली मार्टिनेझ येथे निराळ्या धर्तीचा तुरुंग उघडला. मधोमध मोकळे दालन, भोवती कोठड्या, आणि पहारेकरी गजांपलीकडे न राहता त्याच दालनात, कैद्यांच्या सोबत. सारी दारे एका दृष्टिक्षेपात येतात; भांडण पेटण्याआधीच दोन शब्दांनी विझविता येते.

इमारतीकडे पाहण्याचे हे शहाणपण तसे नवे नव्हे. इंग्लंडात १७७३ साली जॉन हॉवर्ड हे बेडफर्डशायर परगण्याचे शेरीफ झाले आणि तेथील तुरुंग त्यांनी स्वतः जाऊन पाहिला. पुढे गावोगावचे तुरुंग हिंडून १७७७ साली त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कोंदट, ओलसर कोठड्यांतील तुरुंगज्वर फाशीपेक्षा अधिक माणसे मारतो, हे त्यांनी देशापुढे मांडले. त्याआधी १७५० साली लंडनच्या न्यायालयात कैद्यांबरोबर हाच ज्वर शिरला होता, आणि त्यात खुद्द लॉर्ड मेयर व दोन न्यायाधीश दगावले होते. भिंतींनी माणसे अडविली; रोग काही त्यांना अडविता आला नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ४,३६,२६६ जणांची सोय होती आणि आत होते ५,७३,२२० जण. त्यांत दर चारांमागे सुमारे तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावरील दोष अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे असे. न्यायाधीश कैदेची शिक्षा देतो, ती स्वातंत्र्य हिरावून घेण्याची. अंधाऱ्या बोळाची, वेळेवर न येणाऱ्या किल्लीची शिक्षा कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते.

नव्या तुरुंगाची गोष्ट निघाली की "चोरांसाठी एवढा खर्च कशाला?" असे विचारणारे आम्हांस नेहमी भेटतात. त्यांस आमचे सांगणे एवढेच: घराला आग लागली, तर तुम्ही-आम्ही कडी काढून बाहेर धावतो. कैद्यास ते शक्य नाही. त्याच्या दाराची किल्ली आपण, म्हणजे समाजाने, काढून घेतली आहे. ज्याने किल्ली घेतली, त्यानेच आतल्या जिवाची जोखीमही घेतली. तेव्हा आपल्या गावी हा प्रश्न निघेल त्या दिवशी, वाचकहो, चार माणसांत त्या बंद दारामागील माणसासाठी आणि त्या दारावरील पहारेकऱ्यासाठी एक शब्द अवश्य टाका.