मंडालेचा शेजार

रत्नागिरी

चि. भाचीबाईस,


तुझा मेसेज वाचून हसूच आलं. लंडनला होतीस तेव्हा ‘एशियन’ म्हणजे आपण, पाकिस्तानी आणि बांगलादेशी. आता अमेरिकेत तोच शब्द उच्चारला की लोकांच्या डोळ्यांपुढे चिनी-जपानी चेहरे येतात. मग आपण नक्की कोण, असं तू विचारतेस. अगं, या सरकारी रकान्यांचं एवढं मनावर घेऊ नकोस. अमेरिकेच्या १९७० च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांत धरलं होतं, १९८० मध्ये आशियाईंत. मधल्या काळात आपण काही जागचे हललो नव्हतो.

हललो होतो ते फार पूर्वी. आपल्या घराचा चिरा आठवतो ना, भोकाभोकांचा, हात टेकला की तांबडी पूड लावणारा? तो जांभा ज्या काळ्या पाषाणापासून झाला, त्याचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. तेव्हा आपला भूभाग समुद्रात एकटाच उत्तरेकडे सरकत होता. आशियाला तो धडकला त्यानंतर दीडएक कोटी वर्षांनी. म्हणजे या हिशेबाने आपण आशियात उपरेच. उलट युरोप आशियाला केव्हाचा जोडलेला, मध्ये समुद्र नाही. तरी तो खंड आणि आपण उपखंड! उरल पर्वताची हद्द अठराव्या शतकात रशियातल्या मंडळींनी सोयीने मानली, आणि आशिया हे नावही ग्रीकांनी एजियन समुद्रापलीकडच्या किनाऱ्याला दिलेलं. बारसं करणारे सगळे पश्चिमेकडचे.

संस्कृतीचं विचारशील तर भाट्याचा दर्यावर्दी आणि मंगोलियाचा मेंढपाळ यांची संस्कृती एक, हे मला कधीच पटलेलं नाही. ‘आशियाई मूल्यं’ वगैरे भाषणापुरती ठीक. पण शेजार म्हणशील तर तो खरा, आणि तो पाहायला लांब जायला नको.

थिबा पॅलेस तू लहानपणी पाहिलास, पण पळापळीत. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याला मंडालेहून उचललं आणि एप्रिल १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. वाडा पुरा झाला १९१० साली. तोवर २४ वर्षं राजा-राणी दुसऱ्यांच्या बंगल्यांत. सहा वर्षं वाड्यात काढून १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. त्याची नात टूटू इथेच वाढली, इथल्याच मराठी माणसाशी तिचं लग्न झालं. राजवंशातली ती बाई मराठीच बोलायची. आणि ज्या मंडालेचं सिंहासन गेलं, त्याच मंडालेच्या तुरुंगात १९०८ ते १९१४ रत्नागिरीत जन्मलेले टिळक होते. गीतारहस्य त्यांनी तिथेच लिहिलं. तिथला राजा इथे, इथला पुढारी तिथे. पण कागदोपत्री दोघेही परदेशात नव्हते, कारण १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा हिंदुस्थानचाच प्रांत होता.

आता म्यानमार ‘आग्नेय आशिया’त आणि आपण ‘दक्षिण आशिया’त. हा पहिला शब्द रूढ झाला तो मुख्यतः दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली माउंटबॅटनच्या हाताखाली दोस्तांनी काढलेल्या लष्करी विभागामुळे. गंमत म्हणजे त्याचं मुख्यालय पुढे श्रीलंकेतल्या कँडीला होतं, आणि आज श्रीलंकेला कुणी आग्नेय आशियात मोजत नाही.

नकाशावर एकदा फूटपट्टी लावून बघ. इथून मस्कत आणि कोलकाता, दोन्ही साधारण १७०० किलोमीटर. शाळेत कोलकाता आपलं आणि मस्कत परकं, असंच शिकलो. पण राजिवड्याच्या, दापोलीच्या कितीतरी घरांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आखातात कमावतायत. कुवेत-मस्कत त्यांच्या घरात मुंबई-पुण्यासारखं सहज तोंडी येतं.

फॉर्मवर ‘एशियन’ लिहून मोकळी हो. आणि तिथे कुणी ब्रह्मी माणूस भेटला तर त्याला सांग, माझं आजोळ रत्नागिरी. थिबाचं गाव म्हणून त्याला बहुधा ते ठाऊक असेल. काय म्हणाला ते मला कळव.

तुझा,
मामा