बिडकीनची अंबाडी, सीताफळ आणि दुधावाचूनचे आइसक्रीम

पैठण येथे श्री मुनिसुव्रतनाथ भगवंतांच्या दर्शनास निघालेले आपले बांधव छत्रपती संभाजीनगर सोडल्यावर चितेगावमार्गे बिडकीनला पोहोचतात. बहुतेकांच्या दृष्टीने हे गाव म्हणजे वाटेवरचा चहाचा थांबा. परंतु व्यापारी कुटुंबाने येथे थोडे थांबून पाहावे, अशी स्थिती आता आली आहे. शहराच्या दक्षिणेस २० किलोमीटरवरील बिडकीन औद्योगिक क्षेत्राचे राष्ट्रार्पण २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. त्याचा विस्तार ७,८५५ एकर आहे. जेथे कापूस, तूर आणि बाजरी उभी असे, तेथे आज रुंद रस्ते व कारखान्यांच्या सीमाभिंती दिसतात. शेतमालाच्या खरेदी-विक्रीवर ज्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या, त्यांच्यापुढे प्रश्न सरळ आहे: उरलेल्या शेतीतून पुढील पिढीने कोणता व्यवसाय करावा?

या प्रश्नाला आपल्या घराघरांतील दुसरा एक प्रश्न येऊन मिळतो. अनेक तरुण मुले-मुली दूध घेणे सोडू लागली आहेत. वडीलधाऱ्यांना याचे नवल वाटते, कारण दूध-तूप आपल्या आहारात पूर्वापार मान्य आहे. तथापि मुलांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. मुंबईचे पांजरपोळ शेठ मोतीशा व सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने १८३४ साली उभे राहिले. पांजरपोळांना देणगी देणारा समाज आपलाच. दुग्धव्यवसायाला नकोसे झालेले गोऱ्हे आणि भाकड गाई अखेर कोणाच्या दारी येतात, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? मुले तोच हिशेब पुढे नेत आहेत, एवढेच.

म्हणूनच दुधाशिवाय फळांचे आइसक्रीम करावे, त्याला स्निग्धपणा आणण्यासाठी ‘हेम्प’चे बी वापरावे आणि ते पीक येथेच घ्यावे, ही कल्पना अलीकडे ऐकू येते. कल्पना आकर्षक आहे. पण तिच्यातील ‘हेम्प’ हा एक शब्द नीट तपासून घेणे आवश्यक आहे.

इंग्रजी व्यापारात हेम्प हे नाव अनेक वनस्पतींना दिले गेले. त्यांतील ‘डेक्कन हेम्प’ म्हणजे आपली अंबाडी, आणि ‘सन हेम्प’ म्हणजे ताग. या दोन्ही मराठवाड्याच्या मातीतल्या. शेताच्या कडेने अंबाडीची ओळ पेरायची, तिची खोडे पाण्यात भिजवून वाख काढायचा, त्याचे कासरे व दोर वळायचे, ही येथील जुनी रीत. तिच्या आंबट पाल्याची भाजी भाकरीबरोबर आपल्या घरांत हिंगाच्या फोडणीने होते. मात्र खाद्यपदार्थांच्या दुकानात ‘हेम्प’ म्हणून जे बी मिळते, ते अंबाडीचेही नाही आणि तागाचेही नाही. ते भांगेच्या झाडाचे बी होय.

येथे दोन शंका उद्भवतात. पहिली धर्माची. मादक पदार्थ आपल्याला सर्वथा वर्ज्य आहेत. अमली गुण या झाडाच्या फुलोऱ्यात व पानांत असतो. स्वच्छ केलेले बी नशा आणीत नाही. कुमाऊँमध्ये त्याची चटणी नित्याच्या जेवणात असते. तरीही ज्यांच्या मनाला नावच रुचत नाही, त्यांनी ते टाळावे. त्यावाचून काही अडत नाही.

दुसरी शंका कायद्याची. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजाच्या व्याख्येतून सुटे बी वगळले आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये हे बी, त्याचे तेल व पीठ अन्न म्हणून विकण्यास मान्यता दिली. परंतु बी विकणे निराळे आणि झाड लावणे निराळे. शासनाच्या परवान्याशिवाय लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. उत्तराखंडाने २०१८ पासून असे परवाने देण्यास आरंभ केला. म्हणून बिडकीनच्या शेतकऱ्याला ‘हेम्प लाव, माल आम्ही घेतो’ असे कोणी सांगत असेल, तर आधी परवाना पाहावा. जमीन आधीच कमी झालेल्या माणसाला अशा फंदात पाडणे व्यापारधर्मात बसत नाही.

मग येथील स्थानिक ते काय? फळे. दौलताबादच्या डोंगरउतारावरील सीताफळ, पैठण तालुक्यातील मोसंबी आणि मराठवाड्याचा केशर आंबा. त्यांत सीताफळ या कामास विशेष योग्य. त्याचा गर तापविला की कडवट होतो, म्हणून त्याला थंड प्रक्रियाच मानवते. आणि मुळातच दाट असल्याने तो गोठल्यावरही मऊ राहतो.

कृती सोपी आहे. अर्धी वाटी सोललेले हेम्पचे बी, किंवा तितकेच भिजविलेले काजू, दीड वाटी पाण्यात बारीक वाटून गाळावे. अख्ख्या बियांत सुमारे ३० टक्के तेल असते. दुधातील स्निग्धांशाची जागा तेच घेते. त्यात बिया काढलेला दोन वाट्या सीताफळाचा गर, चवीपुरती पिठीसाखर व थोडा लिंबाचा रस घालावा. सीताफळाच्या बिया विषारी असल्याने गर मिक्सरमध्ये फिरविण्यापूर्वी एकही बी राहू देऊ नये. मिश्रण गोठत असताना दोन-तीनदा बाहेर काढून घोटावे, म्हणजे बर्फाचे खडे होत नाहीत. बावीस अभक्ष्यांत बर्फाचा समावेश आहे. तो नियम पाळणाऱ्यांनी हेच मिश्रण माठाजवळ गार करून लगेच घ्यावे.

विक्री करावयाची असल्यास वेष्टनावर ‘आइसक्रीम’ हा शब्द चालणार नाही, कारण नियमाप्रमाणे आइसक्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. घट्टपणासाठी गवारीच्या बियांपासून होणारा गवार गम पुरेसा आहे; इतर मिश्रके प्राणिज नाहीत, याची लेखी खात्री पुरवठादाराकडून घ्यावी.

बिडकीनच्या तरुण व्यापाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. गर काढण्याचा व साठविण्याचा छोटा उद्योग उभारा. हेम्पचे बी हवे तर परवानाधारकाकडून पावतीवर घ्या. बांधावर मात्र अंबाडीच राहू द्या. कारखान्यांतील हजारो कामगार उद्या येथे राहावयास येतील. त्यांना खाऊ घालण्याचा व्यवसाय ज्यांच्याकडे असेल, त्यांची पेढी येथेच टिकेल, आणि फळ पिकविणाऱ्या शेतकऱ्यालाही उरलेली जमीन विकावी लागणार नाही.