पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. आमच्या घरात ही म्हण पानावर मीठ मागावं इतक्या सहज निघायची. ती तपासून पाहावी असं कधी वाटलं नाही. गेले पंधरा दिवस मात्र ती पाठ सोडत नाही, आणि तिच्या मागोमाग दर वेळी वि. म. तारकुंडे यांचं नाव मनात येतं.

तारकुंडे सासवडचे, जन्म 1909 चा. लंडनहून बॅरिस्टर होऊन आले, पुण्यात वकिली मांडली, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पक्षाच्या कामासाठी ती सोडली, स्वातंत्र्यानंतर मुंबईत पुन्हा धरली. 1957 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. बारा वर्षांनी, साठीला टेकल्यावर, ते पद आपणहून सोडलं आणि दिल्लीला जाऊन सर्वोच्च न्यायालयात वकील म्हणून उभे राहिले. निकाल लिहिणारा हात पुन्हा अर्ज लिहू लागला. म्हणीतला शहाणा पायरी चढतच नाही. हे तर वरून उतरून आले आणि दुसऱ्या बाजूने परत चढले.

आमच्याकडे ही म्हण आणली आजोबांनी. त्यांचा बांधाचा दावा अकरा वर्षं चालला. तारीख असली की आजी पहाटे उठून भाकऱ्या थापायची, दोन आजोबांच्या आणि दोन जास्तीच्या. समोरची पार्टी म्हणजे शेजारचे तात्या. तालुक्याला जायला एसटी एकच, म्हणून दोघं एकाच गाडीने जायचे. तात्यांची बायको अंथरुणाला खिळल्यापासून त्यांच्या फडक्यात भाकरी नसायची. कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली दोघं जेवायचे, आत जाऊन एकमेकांविरुद्ध उभे राहायचे, पुढची तारीख घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत. निकाल आजोबांच्या बाजूने लागला तेव्हा तात्या गेलेले होते. बांध तीन हात सरकला. त्या वर्षी त्या तीन हातांत आजोबांनी काही पेरलं नाही.

तेव्हा म्हण खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण तिच्यातला पायरी हा शब्द मला अडवतो. मराठीत आपण पायरी चढतो, पायरी सोडतो, आणि दुसऱ्याला त्याची पायरी दाखवून देतो. पायरी ओळखून राहा, हे गावात कुणी कुणाला ऐकवलं ते सगळ्यांना माहीत आहे. पंढरपूरला महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, असं वारकरी सांगतात. तिच्यासमोरच चोखोबांची समाधी. एकाने पायरी होणं मागितलं, दुसऱ्याला ती ओलांडूच दिली नाही. 1947 मध्ये साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा कुठे ते देऊळ दलितांना खुलं झालं. मध्ये सहा शतकं गेली. त्या सहा शतकांत बाहेर उभं राहून कळसाला हात जोडणाऱ्यांना कुणी सांगितलं असतं, की शहाण्याने पायरी चढू नये, तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं? चढू नये हा सल्ला ज्याला चढायची मोकळीक आहे त्यालाच देता येतो.

आणीबाणीत मिसा कायद्याखाली रातोरात उचललेल्यांना ती मोकळीक नव्हती. त्यांच्यासाठी दुसऱ्यांना चढावं लागलं. नऊ उच्च न्यायालयांनी त्यांचे अर्ज ऐकता येतात असं म्हटलं होतं, त्यात मुंबईही होतं. मग सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे बंदिवानांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत तारकुंडे होते. पीठावरच्या न्यायमूर्ती खन्नांनी सरकारला विचारलं, पोलिसाने वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर? आणीबाणी आहे तोवर त्यालाही दाद नाही, असं उत्तर आलं. 28 एप्रिल 1976 ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला, सरकारच्या बाजूने. वेगळं मत एकट्या खन्नांचं.

त्या दिवशी तारकुंडे कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मी कितीदा तरी डोळ्यांसमोर आणते. चेहरा दिसत नाही, पाठ दिसते. त्याच वर्षी जयप्रकाश नारायणांबरोबर त्यांनी नागरी स्वातंत्र्याची संघटना उभी केली. पुढच्या वर्षी आंध्रात पोलीस चकमकींत मारल्या गेलेल्या तरुणांची चौकशी करायला समिती घेऊन गेले. दाद मागायची जागाच बंद झाल्यावर माणसाने कुठे जायचं, याचं उत्तर त्यांना सुचलं होतं की नुसतं बसवत नव्हतं, कोण जाणे. 1976 चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये रद्दबातल ठरवला. तारकुंडे 2004 मध्येच गेले होते. जिंकले म्हणायचं का? म्हणावंसं फार वाटतं. पण लगेच तीन हात पडीक जमीन आठवते, आणि तुरुंगात गेलेले महिने तर कुणी कुणाला परत दिले नाहीत.

परवा आजोबांच्या दाव्याचा रुमाल सोडला. सुतळी कुजलेली, कागदांच्या घड्या बोटांत येत होत्या. सगळ्यात खाली वकीलपत्र होतं आणि त्यावर आजोबांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा, निळा, थोडा फिसकटलेला. आजोबांना सही येत होती. सोसायटीच्या प्रत्येक कागदावर त्यांची सही आहे, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलेली. मग इथेच अंगठा का? कुणी न विचारताच शाईचा पॅड पुढे सरकवला असेल. किंवा त्या दारात शिरताना त्यांनीच आपली पायरी ठरवून टाकली असेल. विचारायला आता घरात कुणी उरलेलं नाही. मी रुमाल पुन्हा बांधला, वकीलपत्र तेवढं बाहेर ठेवलंय.