चित्राआधी आलेला आवाज

स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री वसतिगृहातील जुन्या संगणकावर आम्ही उबुंटू नव्याने बसविले आणि स्वयंपाकघराच्या दिवंगत मावशींची चित्रफीत लावली. आवाज आला, पडदा मात्र काळाच. काळजात धस्स झाले.

फाईल शाबूत होती. एमकेव्ही ही नुसती पेटी. आत चित्र एच.२६४ मध्ये, आवाज एमपी३ मध्ये बांधलेला. एमपी३ची पेटंटे २०१७ पर्यंत सरली, म्हणून आवाजाला आडकाठी नव्हती. चित्राचा कोडेक पेटंटांच्या अडचणीमुळे आपोआप आला नव्हता. व्हीएलसी बसविताच तोही सोबत आला आणि मावशी पडद्यावर हसल्या. इंटरनेटवरचे दहा कोडेक-संच गोळा करण्याचा उत्साह आम्ही पूर्वी विंडोजवर दाखविला होता. ते आपसांतच भांडत.

खरी चूक मात्र आमची, आणि तीही जुनी. मावशींच्या ओव्यांची कॅसेट आम्ही जागा वाचविण्यासाठी ६४ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये उतरविली व त्याच कॅसेटवर नंतर गाणी भरली. कानाला जाणवणार नाही असे समजून एमपी३ जे गाळते, ते कोणताही कोडेक परत देत नाही. ओव्या ऐकू येतात. मागे भाकरी थापण्याचा आवाज होता, तो पाण्याखालून आल्यासारखा विरला आहे. फ्लॅकमध्ये, साधारण निम्म्या जागेत, सारे जसेच्या तसे राहिले असते.

उरलेल्या दोन कॅसेटी त्याच रात्री फ्लॅकमध्ये उतरविल्या. मूळ कॅसेटी आता कपाटात, कुलपाआड आहेत.