संचाचे सुवाह्य रूप

१९९६ साली जपानात निघालेला ‘निन्टेन्डो ६४’ हा खेळाचा संच टेलिव्हिजनला बांधलेला. त्यास पडदा व बॅटरी जोडून हाती धरण्याजोगा करावा, असे आमच्या मनाने घेतले. मूळ वीजपेटी त्यास ३.३ व १२ व्होल्ट असे दोन दाब पुरवी. ते बॅटरीतून साधणे हा केवळ हिशेबाचा प्रश्न. परंतु ज्या संचापायी धाकट्या बंधूशी आमची नित्य भांडणे होत, त्याच्या कवचास करवत लावताना हात थरथरला. सारे जुळवून कळ दाबली, तो पडदा काळाच! बंधूस काय सांगावे, या विचारात रात्र गेली. पहाटे टेबलाखाली ‘जंपर पॅक’ सापडला. त्या चिमुकल्या ठोकळ्यात स्मृती मुळीच नसते. पण तो खाचेत नसला तर यंत्र चित्र दाखवीत नाही. बसविताच मारिओचा मिशाळ चेहरा पडद्यावर हसला. बंधूस मात्र आम्ही अद्याप कळविलेले नाही. संच निम्मा त्याचा आहे.